लेकीचं चौथं वर्ष : ऑनर्सला थांबवायचं की तिसऱ्यातच डिग्री घेऊन बाहेर पडायचं?

कुर्लेकरीण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझी लेक माटुंग्याकडच्या एका ऑटोनॉमस कॉलेजात केमिस्ट्री मेजर घेऊन बी.एस्सी. करतेय. २०२३ ची बॅच, म्हणजे नवीन शैक्षणिक धोरणाची पहिलीच. सहा सेमिस्टर झाली, सीजीपीए ८.१ आहे. आता कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज आलाय की तीन वर्षांची डिग्री घेऊन बाहेर पडणार, की चौथं वर्ष करून ऑनर्स घेणार, की 'ऑनर्स विथ रिसर्च' घेणार, ते शुक्रवारपर्यंत फॉर्म भरून कळवा. रिसर्चला ७५ टक्के लागतात, तेवढे तिला आहेत.

घरात माणसं चार नि मतं पाच. हे म्हणतात, डिग्री हातात येतेय ना, मग आणखी एक वर्ष कशाला, नोकरी धर आणि पुढचं पुढे बघू. जाऊबाई म्हणतात ऑनर्सने वजन पडतं, कुठे पडतं ते त्यांनाही सांगता येत नाही. धाकटा यंदा दहावीला, त्याच्या क्लासची फी आत्ताच भरलीय. मी स्वतः बी.कॉम., बँकेत काउंटरला, मला ऑनर्स म्हटलं की बोर्डात आलेली मुलं डोळ्यांपुढे येतात. आणि लेकीला विचारलं तर ती म्हणते, "बघू." शुक्रवार चार दिवसांवर आलाय आणि ही बघू म्हणतेय.

काय बघून ठरवायचं हो हे?

बटाटावडा_नुसता

पाचवं मत कुणाचं? कुकरचं का?

टीवाय_सहायुनिट

ताई, आमच्या वेळी असली भानगडच नव्हती. टीवायला सहा युनिट केमिस्ट्री, वर अप्लाइड कंपोनंटला ड्रग्ज अँड डाइज, झालं. मग एम.एस्सी.ला अ‍ॅनालिटिकल मिळावं म्हणून सिद्धिविनायकाला मंगळवार.

तुमच्या मिस्टरांचा हिशोब मला जरा कच्चा वाटतोय. चौथं वर्ष 'जास्तीचं' कधी, तर लेक बी.एस्सी.वरच थांबणार असेल तर. ती पुढे एम.एस्सी. करणारच असेल तर तीन अधिक दोन पाच, आणि चार अधिक एकही पाचच. चार वर्षं केलेल्याला पीजी एका वर्षाचं असं यूजीसीच्या फ्रेमवर्कमध्ये आहे. त्यामुळे आधी एवढंच विचारा, एम.एस्सी. करायचीय का? त्याचं उत्तर 'बघू' आलं तर मग खरंच अवघड आहे.

क्रेडिट_कारकून

एका कॉलेजच्या परीक्षा विभागात आहे (कुठलं ते विचारू नका, दुपारचा डबा शांतपणे खायचाय मला). थोडं नियमाचं सांगतो.

क्रेडिट म्हणजे ठरावीक तासांच्या अभ्यासाचं माप. तीन वर्षांच्या डिग्रीला १२० ते १३२ क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. म्हणजे चौथ्या वर्षाचे साधारण ४० ते ४४. ऑनर्स आणि ऑनर्स विथ रिसर्च यांत मुख्य फरक १२ क्रेडिटचा. रिसर्चवाल्याने त्या १२ क्रेडिटचा प्रबंध करायचा, साध्या ऑनर्सवाल्याने त्याऐवजी जास्तीचे पेपर द्यायचे. ७५ टक्के पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये हवेत, तो निकष फक्त रिसर्चला आहे.

आणि हो, राज्यात ऑटोनॉमस कॉलेजांनी हे २०२३-२४ पासून सुरू केलं आणि संलग्न कॉलेजांनी २०२४-२५ पासून. त्यामुळे "कुणाच्या मुलांनी घेतलंय का" याला मुंबईत तरी उत्तर मिळणं कठीण. तुमचीच मुलगी पहिल्या खेपेची. पुढच्या वर्षी लोक तुम्हाला विचारायला येतील.

कुर्लेकरीण

म्हणजे आम्हीच प्रयोगाचे उंदीर.

बटाटावडा_नुसता

केमिस्ट्री आहे ताई. उंदीर झूलॉजीत.

राजाबाई_टॉवर

पहिल्या बॅचचं वाईट वाटून घेऊ नका. मुंबई विद्यापीठ १८५७ ला निघालं आणि बी.ए.ची पहिली बॅच १८६२ ची. त्यात पास झाले ते रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे. त्यांच्याही घरी कुणीतरी म्हणालं असेलच की ही नवीन डिग्री चालते का कुठे, विचारून बघा आधी.

(माझं वय ७४, बी.ए.चा रिझल्ट फोर्टात बोर्डावर बघितलेला माणूस आहे. गर्दीत चप्पल गेली होती, सेकंड क्लास मिळाला होता.)

सेम_फाइव्ह_केटी

काका भारी.

ताई मी तुमच्या मुलीच्याच बॅचचा, वेगळं कॉलेज, फिजिक्स. मी तिसऱ्यात बाहेर पडलो. खरं कारण सांगू? कंटाळा. तीन वर्षं मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, ओजेटी, एफपी, सीईपी करून करून माझा मेंदू पिकला. शेवटी शेवटी आजीने विचारलं काय शिकतोस तर मी सांगितलं एबीसीडी. आता एका ठिकाणी डेटाचं काम मिळालंय, इंटरव्ह्यूत ऑनर्स का नाही केलं असं एकानेही विचारलं नाही.

सदाशिवपेठ_रिटर्न

सरकारी परीक्षांचा विचार असेल तर चौथ्या वर्षाचा उपयोग शून्य. यूपीएससी, एमपीएससी, बँका, सगळ्यांना पदवी लागते, तीन वर्षांची चालते. मी पुण्यात चार वर्षं अभ्यासिकेत काढून परत आलोय, त्यामुळे एका वर्षाची किंमत मला विचारा. वयोमर्यादा म्हणजे काय ते शेवटचा अटेम्प्ट गेला की कळतं.

कुर्लेकरीण

नाही, तिला स्पर्धा परीक्षा नकोच आहेत. तिला लॅब आवडते. घरी गॅलरीत तिचा अ‍ॅप्रन वाळत असतो त्याला पुढून भोकं भोकं, अ‍ॅसिडची. मी म्हटलं नवीन घेऊ तर नको म्हणाली, हाच लकी आहे म्हणे.

डहाणू_लोकल

आता मी बोलतो, कारण भोकांचा अ‍ॅप्रन घालून मीच माणसं निवडतो.

मी तारापूर एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे, १६ वर्षं झाली. रोज डहाणू लोकलने बोईसर, तिथून कंपनीची बस. फ्रेशरच्या इंटरव्ह्यूला मी बसतो. खरं सांगतो, बायोडेटावर बी.एस्सी. आहे की बी.एस्सी. ऑनर्स हे एचआरला दिसतं, मला दिसत नाही. मी मुलाला टेबलापाशी नेतो, १० एमएलचं पिपेट हातात देतो आणि पाणी काढायला सांगतो. डोळा मेनिस्कसच्या (पाण्याच्या वक्र पातळीच्या) रेषेत आणतो की वरून बघतो, शेवटचा थेंब फुंकून पाडतो की टोक काचेला टेकवून सोडतो, दोन मिनिटांत कळतं. मग विचारतो, एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर, स्वतःच्या हाताने सॅम्पलची किती इंजेक्शन मारलीस? नव्वद टक्के मुलं सांगतात, सर डेमो दाखवला होता. म्हणजे तीस मुलं मशीनभोवती उभी, सर बटन दाबतात, मागच्यांना सरांची पाठ दिसते.

आता चौथ्या वर्षात, त्यातही रिसर्चमध्ये, हा हात बसणार असेल तर एक वर्ष सोन्याचं आहे. नसेल तर ती सरळ आमच्याकडे येऊ दे, आम्ही शिकवतो आणि वर पगारही देतो.

ते ओळखायचं कसं? मुलीला सांगा कॉलेजच्या इन्स्ट्रुमेंट रूममध्ये जा आणि मशीनच्या शेजारचं लॉगबुक उघड. शेवटची एंट्री कधीची आहे आणि सही कुणाची आहे बघ. एंट्र्या मुलांच्या असतील तर कॉलेज चांगलं. शेवटची एंट्री नॅकची (कॉलेजला दर्जा देणारी) कमिटी आली होती त्या आठवड्यातली असेल तर नमस्कार करून बाहेर ये.

बटाटावडा_नुसता

हे लॉगबुकचं लग्नाच्या स्थळालाही लावायला हवं. जिमच्या कार्डावर शेवटची एंट्री कधीची.

टीवाय_सहायुनिट

डहाणू दादा, +१००. आमच्या कॉलेजात यूव्ही स्पेक्ट्रो (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं मशीन) काचेच्या कपाटात होतं. पूजेच्या दिवशी बाहेर यायचं, हळदकुंकू लावून परत आत.

एडिसनकर

इकडे न्यू जर्सीत ऑनर्स म्हणजे वेगळीच गोष्ट, म्हणून गोंधळ नको. इथे मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या पोटात एक छोटं ऑनर्स कॉलेज असतं. रटगर्सचं न्यू ब्रन्सविकचं २०१५ ला सुरू झालं. त्यात बारावीनंतरच निवड होते, छोटे वर्ग, राहायला वेगळी बिल्डिंग, शेवटी प्रबंध. वर्षं तेवढीच चार. माझ्या मुलीला मिळालं होतं आणि तिने एका वर्षात सोडलं, कारण मैत्रिणी सगळ्या दुसऱ्या डॉर्ममध्ये. आम्ही दोघं नवराबायको महिनाभर एकमेकांशी बोललो नाही, ती मजेत.

तुमच्या बाबतीत महत्त्वाचं हे की अमेरिकेत मास्टर्स किंवा पीएचडीला यायचं असेल तर बऱ्याच युनिव्हर्सिट्यांना शाळेपासून १६ वर्षांचं शिक्षण लागतं. बारा अधिक तीन पंधराच होतात. आमच्या वेळी त्यासाठी एम.एस्सी. पार्ट वन करून मग अर्ज टाकायचे. चौथ्या वर्षाने ते १६ भरतात.

यारा_काठी

मेलबर्नहून. गंमत म्हणजे तुमच्याकडचं नवीन चौथं वर्ष आमच्याकडच्या ऑनर्सशी जास्त जुळतं. इथे तीन वर्षांत बॅचलर्स होतं आणि ज्याला संशोधन करायचंय तो वर एक वेगळं ऑनर्स वर्ष घेतो, गाइड आणि प्रबंध असलेलं. त्याला क्लास मिळतो आणि पीएचडीची स्कॉलरशिप बरीचशी फर्स्ट क्लासवर ठरते. इंग्लंडमध्ये मात्र तीन वर्षांचीच डिग्री ऑनर्स असते, स्कॉटलंडमध्ये चारची. शब्द एकच, आणि चार गावांत चार अर्थ. त्यामुळे जाऊबाईंना विचारा, वजन कुठल्या देशात पडतं.

माझ्या नवऱ्याने इथे ऑनर्स केलंय. त्याचं म्हणणं त्या वर्षाने त्याला एवढंच शिकवलं की आठवडाभर केलेलं काम सोमवारी चुकीचं निघालं तरी मंगळवारी परत यायचं. त्याला ते फार मोलाचं वाटतं. मला तो सोमवारी कसा वागायचा ते आठवतं.

करोलबागेतला_कोकणी

दिल्लीचा अनुभव लक्षात ठेवा. इथे विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांचा कोर्स गाजावाजा करून आणला आणि २०१४ मध्ये गुंडाळला. ती एक बॅच मधल्या मध्ये लोंबकळली. मग २०२२ पासून परत चार वर्षं. माझा भाचा इथे २०२२ च्या बॅचला होता, त्याच्या वर्गातले अर्धेअधिक तिसऱ्यातच गेले. धोरणं बदलतात हो. हातात आलेली डिग्री आधी घ्यावी असं माझं मत.

क्रेडिट_कारकून

@करोलबाग, धोरण बदललं तरी एक लक्षात घ्या. आता तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायचं दार मुळातच ठेवलेलं आहे. चौथ्याला कुणालाच बांधलेलं नाही.

हार्बर_लाइन

आणि तिसऱ्यात बाहेर पडून नोकरी करून परत चौथ्याला येता येतं ना? मल्टिपल एंट्री एक्झिट म्हणतात ते? तसं असेल तर टेन्शन कशाला. वर्षभर नोकरी करायची, नाही जमलं तर परत.

खडूफळा

थांबा थांबा. हे सगळीकडे ऐकू येतं म्हणून लिहितेय. मी केमिस्ट्रीच शिकवते, २२ वर्षं, कॉलेज सोडून बोलू.

यूजीसीच्या फ्रेमवर्कमध्ये तीन वर्षांच्या आत परत येऊन एकूण सात वर्षांत डिग्री पूर्ण करायची सोय आहे, पण ती लिहिलीय पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर सर्टिफिकेट, डिप्लोमा घेऊन गेलेल्यांसाठी. तिसऱ्यानंतर पूर्ण पदवी घेऊन गेलेल्या मुलाला त्याच कॉलेजात चौथ्या वर्षाला जागा मिळेलच असं गृहीत धरू नका. कॉलेजकडून लेखी घ्या. तोंडी "हो हो येऊ शकता" म्हणणारे सर पुढच्या वर्षी रिटायर झालेले असतात.

दुसरं, सहायुनिट यांनी सांगितलेलं तीन अधिक दोन आणि चार अधिक एक. हिशोब बरोबर, पण एका अटीवर. जिथे एम.एस्सी. करायची तिथे एक वर्षाचा मार्ग उघडा हवा. आयआयटीची एम.एस्सी. जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन मिळते आणि ती दोन वर्षांची. म्हणजे चौथं वर्ष करून जॅमने पवईला गेलात तर चार अधिक दोन, सहा. जिला तिसऱ्याच वर्षी जॅममध्ये चांगली रँक आलीय तिने ऑनर्ससाठी थांबू नये, असं मी माझ्या मुलींना स्पष्ट सांगते, आणि त्यावरून स्टाफरूममध्ये बोलणी खाते कारण वर्ग भरायचे असतात. ताई, तुमच्या मुलीने जॅम दिली होती का?

तिसरं, पीएचडी. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एम.एस्सी. न करता थेट पीएचडीच्या प्रवेशाला पात्र, हे यूजीसीच्या २०२२ च्या नियमात आहे. राखीव प्रवर्गांना ५ टक्के सूट. २०२४ पासून नेट परीक्षेलाही चार वर्षांवाले बसतात. हे खरं आहे. पण पात्र असणं आणि निवड होणं यांत कुर्ला ते कल्याण एवढं अंतर आहे, शेजारच्या खुर्चीवर एम.एस्सी. झालेला मुलगा बसलेला असतो.

आणि एक मनातलं. प्रबंधाचे १२ क्रेडिट म्हणजे प्रॅक्टिकलच्या हिशोबाने एका क्रेडिटला ३० तास धरले तर ३६० तास. हे तास मुलगी कुणाच्या शेजारी उभी राहून घालवणार, यावर सगळं आहे. मार्कलिस्टवर ते नाव येत नाही. मुलीला म्हणावं, डिपार्टमेंटमधल्या कुठल्या मॅडम किंवा सर संध्याकाळी पाचनंतर लॅबमध्ये दिसतात ते आठव. त्यांच्याकडे जागा असेल तर घे.

कुर्लेकरीण

मॅडम, किती नीट समजावलंत. जॅम दिली होती, रँक फार मागे आली. तेव्हा दोन दिवस जेवली नाही. त्यानंतरच "बघू" सुरू झालं, आत्ता लिहिताना माझ्या लक्षात आलं.

डहाणू_लोकल

ताई, मग जॅम पुढच्या फेब्रुवारीत परत देता येईल की, चौथं वर्ष चालू असतानाच. घरी बसून ड्रॉप घेण्यापेक्षा हे बरं. ड्रॉप घेतलेला मुलगा इंटरव्ह्यूला आला की त्या एका वर्षाबद्दल विचारताना मलाच अवघडल्यासारखं होतं.

सेम_फाइव्ह_केटी

दादा पण रिसर्च करून, वर पेपर देऊन, वर जॅमचा अभ्यास? तुम्ही टीवायला होतात तेव्हा दिवस किती तासांचा होता?

डहाणू_लोकल

चोवीसच. मोबाइल नव्हता.

बटाटावडा_नुसता

आले! "आमच्या वेळी" आले! धाग्याला पूर्णत्व आलं.

माटुंगा_रोड_नव्हे_माटुंगा

विषयांतर करतो. पोरगी माटुंग्यात शिकते म्हणताय तर चौथं वर्ष घ्यायला हे एक कारण पुरेसं आहे, आणखी एक वर्ष इडली आणि फिल्टर कॉफी. मी तिकडे पाच वर्षं शिकलो, सेंट्रलचं माटुंगा आणि वेस्टर्नचं माटुंगा रोड यातला फरक न कळलेल्या नातेवाइकांना आणायला पूल चढून जायचो. आयसीटीची (तिथल्या केमिकल इंजिनिअरिंगच्या संस्थेची) मुलं तेव्हा जुन्या नावाने यूडीसीटीची म्हणवायची.

राजाबाई_टॉवर

इडली चांगली, पण आता डब्याएवढे पैसे होतात तिचे.

परळची_पोर

एक गोष्ट कुणीच विचारली नाही. फी. चौथं वर्ष अनुदानित तुकडीत आहे की विनाअनुदानित? त्यावर फीमध्ये जमीन अस्मानाचा फरक पडतो. शिवाय केमिकल, ग्लासवेअर, सॅम्पल बाहेर तपासायला पाठवलं तर त्याचे पैसे कोण देतं? माझ्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला सॅम्पलच्या एनएमआर तपासणीचे पैसे मी ट्यूशन घेऊन भरले होते, घरी सांगितलंच नाही. मुलगी बघू म्हणते ना, कधी कधी मुली घरच्या खर्चाकडे बघून बघू म्हणतात. धाकट्याच्या क्लासची पावती तिनेही बघितली असेल.

तिला बारावीच्या मार्कांवर इन्स्पायरची शिष्यवृत्ती लागली होती का? बोर्डातल्या वरच्या एक टक्क्यात असणाऱ्या आणि मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांना मिळते ती, वर्षाला ८०,००० पर्यंत, आणि एम.एस्सी.पर्यंत पाच वर्षं चालू राहते. असेल तर बराच प्रश्न सुटतो.

कुर्लेकरीण

नाही हो, बारावीला तेवढे नव्हते. पण तुमचा तो खर्चाचा मुद्दा वाचून मी कामावरून उठून पाणी प्यायला गेले.

दादरची_काकू

मी वेगळंच सांगते, हसू नका. माझ्या भाचीच्या बायोडेटात बी.एस्सी. ऑनर्स लिहिलं तर मुलाकडच्यांनी विचारलं, म्हणजे एम.एस्सी. नाही झाली का? आता समजावत बसा त्यांना १७६ क्रेडिट.

यारा_काठी

काकू, त्यांना म्हणा मुलाचं लॉगबुक दाखवा.

हार्बर_लाइन

मी मगाशी चुकीचं बोललो, खडूफळा मॅडमनी बरोबर सांगितलं. आज कॉलेजात जाऊन विचारलं, क्लार्क म्हणाले लेखी काही नाहीये, सर्क्युलर आलं की कळवू. माझी बहीण २०२४ वाली आहे, तिला अजून एक वर्ष वेळ आहे बरं झालं.

करोलबागेतला_कोकणी

बघा. सर्क्युलर आलं की कळवू. दिल्लीतही हेच वाक्य होतं, फक्त हिंदीत.

कुर्लेकरीण

शुक्रवार झाला. अपडेट देते, लांबेल.

बुधवारी रात्री लेकीला हा धागा वाचायला दिला. सगळा वाचला, इडलीचा भाग दोनदा. मग म्हणाली, आई तू माझ्या जॅमच्या रँकचं सगळ्या जगाला सांगितलंस. मी म्हटलं आकडा नाही सांगितला. अर्धा तास रुसली. मग आपणहून म्हणाली, उद्या लॉगबुक बघून येते.

गुरुवारी मी हाफ डे टाकला आणि तिच्याबरोबर गेले, म्हटलं आपणही बघू. इन्स्ट्रुमेंट रूमच्या मामांनी दार उघडलं. एचपीएलसीवर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरवर कागद, 'पंप नादुरुस्त'. लॉगबुकात शेवटची एंट्री नोव्हेंबरची. मला वाटलं संपला विषय, डहाणू दादांनी सांगितल्याप्रमाणे नमस्कार करून निघावं. पण पलीकडे यूव्हीचं लॉगबुक होतं ते उघडलं तर पानंच्या पानं भरलेली, मेच्या सुट्टीतल्याही तारखा, आणि सह्या दोनच मुलींच्या, खाली एका मॅडमची. त्या मॅडम गिरण्या आणि डाइंगवाल्यांच्या सांडपाण्यातले रंग उन्हात कसे तुटतात त्यावर काम करतात म्हणे. लेक म्हणाली, ह्याच पाचनंतर असतात.

मॅडम भेटल्या. मी बँकेतल्या सवयीने सरळ विचारलं, मशीन बंद आहे मग कसं करणार. त्या म्हणाल्या, एचपीएलसीचं सॅम्पल दुसऱ्या संस्थेत देतो, मुलीच घेऊन जातात, बर्फाच्या डब्यातून, ट्रेनने. पैसे डिपार्टमेंटचे, पण महिन्याला ठरावीकच सॅम्पल. आणि म्हणाल्या, माझ्याकडे दोनच जागा आहेत, गोड बोलायला मला जमत नाही, आणि पहिले तीन महिने काहीही चालत नाही, हे हिला माहीत असू दे. लेकीने विचारलं, मग चौथ्या महिन्यात चालतं का? मॅडम म्हणाल्या, बघू.

मला हसू आवरेना. दोघी सारख्याच.

फी विनाअनुदानितच आहे, मला वाटलं त्यापेक्षा जास्त. ह्यांच्याशी काल रात्री बोललो. ह्यांचं म्हणणं अजून तेच आहे, पण म्हणाले, तिची इच्छा असेल तर मी आड येत नाही, फक्त वर्षाच्या शेवटी 'आणखी एक वर्ष' म्हणू नका. एम.एस्सी.चं ह्यांना अजून नीट सांगितलेलं नाही.

परळच्या ताई, तुमचा अंदाज खरा निघाला. फीचा आकडा तिला दोन आठवड्यांपासून माहीत होता. सांगितला नव्हता.

सकाळी ११ ला फॉर्म भरला. ऑनर्स विथ रिसर्च.

खडूफळा

दोनच जागा आणि मेमध्ये एंट्र्या. छान केलंत. एम.एस्सी.चं मात्र आत्ताच सांगून टाका त्यांना, आणि एक वर्षाची एम.एस्सी. कुठे कुठे मिळेल त्याची चौकशी डिसेंबरपर्यंत करा. मार्चमध्ये धावपळ होते.

डहाणू_लोकल

नोव्हेंबरपासून पंप बंद म्हणजे बहुतेक सील गेलं असेल. फार मोठं काम नसतं ते. कॉलेजचं चालत असेल तर एखाद्या रविवारी येऊन बघून देईन, पैसे नकोत. लेकीला म्हणावं उभी राहा बाजूला, उघडून दाखवतो.

कुर्लेकरीण

दादा खरंच? विचारते मॅडमना.

सेम_फाइव्ह_केटी

मीही येऊ का बघायला? मी कधीच उघडलेलं पाहिलं नाही.

बटाटावडा_नुसता

तीस जण भोवती उभे राहणार आणि मागच्यांना दादांची पाठ दिसणार.

राजाबाई_टॉवर

रविवारी माटुंग्यात जमणार असाल तर कळवा. इडलीचे पैसे मी देतो.

परळची_पोर

माझा भाऊ बी.कॉम. २०२४ बॅच. त्याच्या चौथ्या वर्षासाठी वेगळा धागा काढू का इथेच विचारू?

क्रेडिट_कारकून

वेगळा काढा. कॉमर्सचं रामायण वेगळं आहे.